खाली येणारी रेषा

आमची ही परीक्षा मंडळात नोकरीला आहे हे कळलं की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. आधी मला खुर्ची मिळते, मग चहा येतो, आणि चहा अर्धा झाला की प्रश्न येतो, "मग काय, यंदा पेपर कसा आहे?" मी बस चालवतो. पुढच्या थांब्यावर किती माणसं उभी असतील हे मला माहीत नसतं, पेपर काय माहीत असणार? पण लोकांना ते पटत नाही. नवरा-बायको एका छताखाली राहतात म्हणजे एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात आपोआप झिरपतं, असा त्यांचा समज असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या डोक्यात काही झिरपलेलं नाही. तिच्या डोक्यात मात्र माझ्या बसचं सगळं वेळापत्रक आहे.

आमच्याकडे शाळा संपली की कॉलेजसाठी सगळ्यांची एकच प्रवेश परीक्षा असते. आमची ही त्या परीक्षेचा पेपर काढतही नाही आणि तपासतही नाही. तिचं काम निराळं. यंदाची मुलं गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या, वीस वर्षांपूर्वीच्या मुलांच्या मानाने कुठे आहेत, ते ती शोधून काढायची. टंकलेखक म्हणून लागली होती, मग ही परीक्षा लागत नाही अशा संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन संख्याशास्त्र शिकली आणि मापन विभागात गेली. तिथे तिला सगळे सरासरीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

तिच्या खोलीत भिंतभर एक कागद होता आणि त्यावर एक रेषा. मी ती एकदाच पाहिली, मंडळाच्या वर्धापनदिनाला घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा. डावीकडे उंचावर सुरू होणारी आणि उजवीकडे दरवर्षी थोडी थोडी खाली येणारी. मी म्हटलं, "अगं, हा तर आमच्या डेपोचा उतार झाला." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बशीतलं बिस्कीट उचलून तोंडात टाकलं.

त्या रेषेवरून दरवर्षी वर्तमानपत्रं गळा काढतात. सरासरी घसरली, पिढी बिघडली, फोनने मुलांची डोकी खाल्ली. डेपोत आमचे चालक-वाहकही तेच म्हणतात. त्यातल्या निम्म्यांनी ही परीक्षा दिलेली नाही, पण मत द्यायला परीक्षा लागत नाही. मी घरी येऊन हे सांगितलं की आमची ही एकच विचारते, "परीक्षेला बसले किती?"

हे तिचं पालुपद आहे. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर एकदा म्हणाले, "आमच्या वेळी बसमध्ये कसं ऐसपैस बसता यायचं." ही लगेच म्हणाली, "तुमच्या वेळी बसने जायचे किती?" पोस्टमास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मला तिने हे नीट समजावलं ते व्हॉलीबॉलच्या हिशेबाने. आमच्या डेपोचा संघ आहे, सगळे ताडमाड. त्यांच्या उंचीची सरासरी काढा. आता वसाहतीतली शाळकरी पोरंही खेळायला येऊ लागली. पोरं दरवर्षी उंच होतायत, समजा संघातले बाप्येही बोटभर वाढले. तरी दरवर्षी आणखी पोरं येत राहिली तर सगळ्यांची मिळून सरासरी खालीच येणार. मी म्हटलं, "म्हणजे सगळे वाढतायत आणि सरासरी घसरतेय?" ती म्हणाली, "अगदी तेच." पूर्वी परीक्षेला फक्त मोठ्या शाळांतली, फी भरू शकणाऱ्या घरांतली मुलं बसायची. मग फी माफ झाली, लहान गावांत केंद्रं निघाली, आणि गवंड्याची, धोब्याची, शिपायाची पोरं येऊन बसली. त्या पोरांचे गुण वर्षागणिक चढत होते. रेषेला मात्र ते दिसत नव्हतं.

पण पेपर तर दरवर्षी वेगळा. एखाद्या वर्षी सोपा निघतो, एखाद्या वर्षी घाम फोडतो. मग या वर्षाची त्या वर्षाशी तुलना करायची कशी? त्यासाठी दर पेपरात थोडे प्रश्न जुनेच घालतात, नव्यांच्या गर्दीत मिसळून. पेपर परत घेतले जातात, बाहेर कोणाला काही कळत नाही. असे प्रश्न असतात हे गुपित नाही, मंडळच तसं सांगतं. ते कोणते, हे गुपित. भिंतीवर पोराची उंची मोजायची तर खालची फरशी हलता कामा नये, तसं. मंडळात त्या प्रश्नांना जुनी मंडळी म्हणतात. आमच्या हिला ती जुनी मंडळी तोंडपाठ होती, आणि घरात तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

लोक तिला कडक समजतात. नाकावर माशी बसू देत नाही, म्हणतात. मला माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे. परीक्षेच्या दिवशी ती सकाळी माझ्या बसमध्ये चढते आणि कार्यालयाच्या थांब्यावर न उतरता शेवटापर्यंत येते. मुलं पाहायला. वर्षभर तिला फक्त त्यांचे आकडे दिसतात, म्हणून एक दिवस ती त्यांचे चेहरे बघते. कोणी ओठ हलवत सूत्रं म्हणत असतं, कोणाची आई बटण लावून देत असते. पर्समध्ये जादा पेन्सिली असतात तिच्या. एखादं पोर खिसे चाचपायला लागलं की ही पुढे होऊन पेन्सिल देते आणि मागे येऊन बसते. नाव विचारत नाही की गाव विचारत नाही.

आमची एकुलती एक मुलगी टिटवी. तान्ही असताना इतकी टिवटिव करायची की हे नाव पडलं ते पडलंच. माझी आई म्हणायची, अशुभ नाव आहे, बदला. पण नाव काय, चिकटलं की चिकटलं. टिटवीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. डेपोतल्या लंगड्या कुत्र्याचा पाय तिने बांधला तेव्हापासूनचं हे वेड. पशुवैद्यकाच्या कॉलेजात जागा थोड्या, आणि परीक्षेत गणिताला चांगले गुण लागतात. आणि गणितात आमच्या टिटवीची गाडी पहिल्या गिअरच्या पुढे जात नव्हती.

मंडळाचा नियम असा, की घरातलं कोणी परीक्षेला बसणार असेल तर त्या वर्षी मापन विभाग सोडायचा. हिने स्वतःहून आधीच सांगितलं आणि वर्षभरासाठी भांडारात गेली. तिथे लाख, सुतळी, पाकिटं आणि पेन्सिली. साहेबांनी विभागाच्या किल्ल्या काढून घेतल्या. पण डोक्यातली जुनी मंडळी कोण काढून घेणार? तेव्हा तिने ठरवलं की वर्षभर टिटवीशी गणितातला ब्र काढायचा नाही. "शिकवायला बसले की हात आपसूक तिकडेच वळेल," ती मला म्हणाली. "मला कळणारसुद्धा नाही, अहो."

वसाहतीत याची चर्चा झाली नाही तरच नवल. आई परीक्षा मंडळात आणि पोरगी गणितात कच्ची. कोणी म्हणालं दिव्याखाली अंधार, कोणी म्हणालं काखेत कळसा नि गावाला वळसा. टिटवी हे ऐकून घरी यायची आणि आईसमोर वही आपटायची. "एक गणित, आई. एकच सांग." ही मूग गिळून भाजी चिरत राहायची. त्या भाजीचे तुकडे इतके बारीक व्हायचे की ताटात शोधावे लागायचे.

मग शिकवायला मी बसलो. शाळा सोडून मला जमाना झालेला. पहिल्याच संध्याकाळी दोन नळ हौद भरत होते आणि तिसरा तो रिकामा करत होता. मी म्हटलं, "तिसरा बंद का करत नाहीत? पाणी वाया घालवतायत लेकाचे." टिटवी हसली आणि मग रडली. पण मी चिकाटी सोडली नाही. डेपोत दुपारच्या सुट्टीत पुस्तक वाचायचो आणि संध्याकाळी तिला सांगायचो. मी एक पान पुढे, ती एक पान मागे. असं करत करत आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली. कधी कधी ती मलाच चुका दाखवायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

टिटवीला गणित मोठ्याने वाचायची सवय होती. ती टेबलापाशी वाचायची, ही ओट्यापाशी असायची. कधी कधी मध्येच हात पुसून ही बाल्कनीत कपडे वाळले का बघायला जायची. बायकांना कपड्यांची काळजी असते, यापलीकडे मी काही विचार केला नाही.

टिटवीने केला. एका संध्याकाळी ही दुकानात गेली होती तेव्हा ती मला म्हणाली, "बाबा, आई कपडे बघायला कधी जाते माहितीये? ठरावीक गणितं आली की."

"काहीतरीच."

"मी मुद्दाम करून बघितलं. नळाचं वाचलं, उठली नाही. बुरुजाच्या सावलीचं वाचलं, उठली. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून सावलीचंच वाचलं, परत उठली. काल तर दोरीवर कपडेच नव्हते."

मी सुन्न झालो. आमची ही आपल्याकडून मदत होऊ नये म्हणून उठत होती, आणि त्या उठण्यातूनच सगळं सांगून बसत होती. तोंडाला कुलूप लावलं आणि खिडकी सताड उघडी टाकली. अशी चूक फक्त प्रामाणिक माणसालाच करता येते.

"अशी चार आहेत," टिटवी म्हणाली. "बाबा, ती चार मी घोटून ठेवली तर..." माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर ते कॉलेज, ते पांढरे कोट, सगळं येऊन गेलं. मी म्हटलं, "तुझी परीक्षा आहे, टिटवे. तुला काय वाटतं?" ती वही मिटून उठली. पुढचे काही दिवस तिने मोठ्याने वाचलं नाही, आणि नीट जेवलीही नाही.

मग एकदा जेवताना तिने चमचा खाली ठेवला. "आई, तू उठून जातेस ना, त्यावरून मला कळतं."

आमच्या हिला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं. "कोणती?" तिने विचारलं. टिटवीने चारही प्रकार सांगितले. ही ऐकत होती आणि ताटाकडे बघत होती. टिटवी रडायला लागली, म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं गं. म्हणजे नंतर मुद्दाम केलं." हिने डाव्या हाताने तिची पाठ चोळली. "तू सांगितलंस ना," एवढंच म्हणाली.

टिटवी झोपायला गेल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "उद्या मंडळात जाऊन हे सांगणार असशील तर थांब. पोरीने काही चोरलं नाही. लाखो मुलांतली एक मुलगी. चार गणितांनी तुझ्या रेषेला केसाएवढा तरी फरक पडणार आहे का?"

"रेषेला नाही पडणार," ती म्हणाली. "तिला पडेल. डॉक्टर झाली तरी आपलं काय आणि आईचं काय, हे तिला जन्मभर कळणार नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चिडलो. आमच्यात हे नेहमीचं आहे.

सकाळी ती माझ्याच बसने गेली. चालकाशी बोलू नये अशी पाटी माझ्या पाठीमागे आहे, आणि ती पाळणारी जगात एकटी आमची ही. संध्याकाळी परत येताना मात्र माझ्या मागच्या आसनावर बसली आणि सिग्नल लागल्यावर म्हणाली, "ती चार काढली. पेपर अजून छापायला गेला नव्हता. दुसरी राखीव होती, ती घातली."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगितलं नसतंत तर कळलं नसतं. मी म्हटलं, म्हणून तर सांगितलं." मग म्हणाली, "मापन विभागात परत नाही घेता येणार म्हणाले. भांडारातच राहा. त्यांचंही बरोबर आहे, अहो. फरशी माझ्याच पायाने हलली."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले तेव्हा मी गाडी हलवली. तिची रेषा आता दुसरं कोणीतरी काढणार होतं. मला आरशात तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

त्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मुलं बघायला ती आली नाही. टिटवीला सोडायला आली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या आणि हिचा हात टिटवीच्या मनगटावर होता. केंद्र आलं तेव्हा टिटवी उतरली, आणि हिला उतरायचं भान राहिलं नाही. मी आरशातून बघितलं आणि गाडी पुढे काढली.

निकाल लागला. टिटवीचे गुण माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले होते आणि कॉलेजच्या अपेक्षेपेक्षा कमी. थोडक्यात जागा हुकली. किती थोडक्यात, हे कळल्यावर माझ्या मनात आलं तेच आलं असणार टिटवीच्याही मनात, आणि आईच्याही. चार गणितं. कोणी ते उच्चारलं नाही. मी मात्र हिच्याशी धड बोलेना. भांडी जरा जास्तच आपटून ठेवू लागलो. तिने ते चालवून घेतलं. टिटवी दार लावून पडून राहिली, आणि ही दाराबाहेर चहाचा कप ठेवायची, गार झालेला उचलायची, दुसरा ठेवायची.

सुट्टीच्या सकाळी टिटवी खोलीबाहेर आली. वर्तमानपत्र टेबलावर होतं. त्यात तीच रेषा छापलेली होती, पहिल्या वर्षापासून आतापर्यंतची, शेवटी आणखी एक उतार घेऊन. वर मोठ्या अक्षरांत, प्रवेश परीक्षेची सरासरी पुन्हा घसरली. टिटवी उभ्याउभ्याच वाचत राहिली.

"आई, ही खाली आली त्यात मी पण आहे ना?"

आमची ही भांडी घासत होती. तिने हात पुसले, आली, आणि पेपरावर बोट ठेवलं. मी ती रेषा फार वर्षांपूर्वी एकदा पाहिली होती, पण तिला त्या रेषेवर बोट ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. बोट डावीकडे होतं, जिथे रेषा सगळ्यात उंच आहे तिथे.

"हे वर्ष बघ. मी तेव्हा तुझ्याएवढी होते."

"म्हणजे तुम्ही सगळे हुशार होतात."

"जे बसले ते असतील हुशार. मी कुठे बसले होते? तुझ्या आजोबांच्या दुकानात चपलांना टाचा ठोकत होते. फीचे पैसे नव्हते, आणि असते तरी मुलीसाठी निघाले नसते. आमच्या गल्लीतलं एकही पोर त्या वर्षी परीक्षेला नव्हतं. आम्हाला गुण कमी पडले नाहीत गं, आम्हाला मोजलंच नाही. म्हणून रेषा एवढी वर आहे." तिचं बोट सावकाश उतारावरून खाली आलं आणि टोकाला थांबलं. "आणि इथे तू आहेस."

"म्हणजे खाली ओढली मी."

"ओढलीस थोडी. मला अशीच आवडते ती."

मी खिडकीकडे तोंड केलं. इतकी वर्षं मला वाटायचं की ही त्या वर्तमानपत्रांवर चिडते. ती चिडत नव्हती. त्या उंच टोकाकडे बघून तिला दरवर्षी आपण तिथे नाही हे दिसत होतं, आणि तिने ते मला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

टिटवीने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा बसू?"

"बस."

"मग आणखी एक वर्ष तू माझ्याशी गणितातलं बोलणार नाहीस."

"नाही बोलणार." ही म्हणाली. "चारच गेलीत, टिटवे. बाकीची आहेत अजून माझ्या डोक्यात."

"चालेल. बाबा आहेत शिकवायला." माझ्याकडे न बघता तिने वही पुढे ओढली. "पण उठून जाऊ नकोस. मी मोठ्याने नाही वाचणार, मनातल्या मनात वाचीन. तू नुसती शेजारी बस."

आमच्या हिने खुर्ची ओढली, टिटवीच्या बाजूला लावली, आणि बसली.